खिडकीकडचा हात

१

गोमाशीचा फोटो काढायचा तर दोन माणसं लागतात. एक काढणारं आणि एक चावून घेणारं. आमच्या घरात ही वाटणी पहिल्याच दिवशी झाली, आणि ती अर्थातच मी केली.

चावऱ्या माश्यांचे फोटो काढणं हे माझं काम. लोक फुलपाखरांचे काढतात, लग्नाकार्यांचे काढतात. मी गोमाश्यांच्या, तबेल्यात पोटऱ्या फोडून काढणाऱ्या माश्यांच्या आणि कानात घुसणाऱ्या काळ्या चिलटांच्या मागे फिरते. आमच्या जनावरांच्या दवाखान्याचं एक सचित्र पुस्तक होतंय. आपल्या घोड्याला किंवा गाईला नक्की कोण छळतंय, हे पाळणाऱ्याला चित्र बघून कळावं, एवढाच त्याचा हेतू. मेलेली माशी टाचणीला टोचून फोटो काढणं सोपं आहे. पण गोमाशीच्या डोळ्यांवर हिरवे-जांभळे पट्टे असतात आणि ती मेली की ते विझतात. म्हणून ती जिवंतच हवी, आणि जिवंत गोमाशी एका जागी तेव्हाच थांबते, जेव्हा तिच्यापुढे ताट वाढलेलं असतं.

ताट म्हणजे माझा नवरा. उभा जन्म त्यांनी बस चालवण्यात काढला, म्हणून मी त्यांना ड्रायव्हरसाहेब म्हणते. उजवा हात सतत खिडकीवर टेकवलेला, त्यामुळे तो कोपरापासून मनगटापर्यंत उन्हाने काळाकुट्ट झालेला. डावा मात्र अजून सावलीतल्या माणसाचा. गोमाशीला गडद रंग आवडतो, श्वास आवडतो, अंगाची ऊब आवडते. खिडकीकडच्या हातावर तर तिचा फार जीव.

तळ्यालगतच्या तबेल्यात भिंतीला टेकून घडीची खुर्ची मांडायची, ड्रायव्हरसाहेबांनी बाही वर करायची, आणि मी पुढ्यात गुडघे टेकून त्यांच्या हाताला जवळजवळ भिंग लावून बसायचं.

"हलू नका हं," मी म्हणायची.

"भरलेली बस घेऊन घाट उतरलोय मी. माशीला काय घाबरतोय!"

"मादीच चावते फक्त. नर बिचारे फुलांवर जातात."

"मग मला सवय आहे," असं म्हणून ते खूश व्हायचे. हा विनोद त्यांनी दर उन्हाळ्यात नवा असल्यासारखा केला, आणि मीही दर उन्हाळ्यात नवा असल्यासारखी चिडले.

डास सुई टोचतो, गोमाशी कात्री चालवते. दुखतं. पण त्यांनी कधी हात हलवला नाही. तरी इतक्या जवळून पाहिलं की माणूस हलतोच. शीर उडते, तिच्याबरोबर कातडं उचलतं, आणि वर बसलेली माशी होडीसारखी वरखाली होते. म्हणून मी दोन ठोक्यांच्या मधल्या जागेत बटण दाबायला शिकले. संसाराला इतकी वर्षं झाली, पण ह्यांच्या काळजाचा ठेका मला पाठ झाला तो माश्यांमुळे.

२

थंडीत माश्या नसतात, आमचं काम बंद असतं. त्या थंडीत एका सकाळी न्हाणीघरातून बादली पडल्याचा आवाज आला आणि मागोमाग काहीच आवाज आला नाही.

इस्पितळातला डॉक्टर तरुण होता. पडद्याबाहेर येऊन तो माझ्याकडे न बघता माझ्या चपलांकडे बघत म्हणाला, "घरी घेऊन जा." याचा अर्थ मी विचारला नाही. घेऊन जा म्हणाला, मी घेऊन आले. माझ्या धाकट्या भावाने गाडी चालवली, त्यानेच पाय धरून ह्यांना पलंगावर ठेवलं, आणि नातेवाइकांना फोन करायला तो गॅलरीत गेला.

मी त्यांचा काळा हात मांडीवर घेऊन बसले. लोक अशा वेळी रडतात. मी रागावत होते. असं मधेच उठून जायचं नाही, म्हटलं. पुस्तक अर्धं आहे. मी आता कुणाला समोर बसवू? असली माणसं काय बाजारात मिळतात? असं बरंच बोलत राहिले, आवाज चढवूनसुद्धा.

ड्रायव्हरसाहेबांनी डोळे उघडले आणि म्हणाले, "ओरडतेस काय? चहा ठेव."

भाऊ फोन कानाला लावून दारात आला. पलीकडून कुणीतरी हॅलो हॅलो करत होतं, पण हा नुसता बघत उभा राहिला. मग फोन बंद करून खिशात ठेवला, मला म्हणाला, "ताई, मी येतो," आणि जिना उतरून गेला. त्यानंतर तो घरी आलेला नाही. फोन करतो, कामात असतो म्हणे.

डॉक्टरही माणूसच, चुकतो, असं मी स्वतःला समजावलं. त्यासाठी फार प्रयत्न करावा लागला नाही. आनंद झाला की माणूस फार हिशेब मागत नाही.

ते थोडे फिके दिसत होते, पण आजारातून उठलेला माणूस गुलाबी कसा दिसेल? जेवण कमी झालं होतं. चहा तेवढा मागायचे. मी ठेवायची, आणि कप तसाच गार व्हायचा. घोरणं थांबलं होतं, त्याचं तर मला सुखच वाटलं. पूर्वी दुपारी ते झोपले की पहिल्या गिअरमध्ये बस चढ चढतेय असं घर दणाणायचं. आता स्वयंपाकघरातला फ्रिज ऐकू यायचा आणि खिडकीच्या काचेवर धडका घेणारी एखादी साधी माशी.

३

ऊन तापलं तसे आम्ही पुन्हा तबेल्यात गेलो. तीच खुर्ची, तीच भिंत. तबेलावाला धावत आला, ह्यांचे हात हातात घेतले आणि म्हणाला, "आलात! माझी घोडी वाट बघत होती. तुम्ही बसलात की सगळ्या माश्या तुमच्याकडे, त्यांना सुट्टी." मग आपले तळहात पँटला पुसत म्हणाला, "गार पाण्याने अंघोळ केलीत वाटतं."

माशी येण्याआधी मी एक फोटो कोऱ्या हाताचा काढते, उजेड बघायला. तो काढला आणि पडद्यावर मोठा करून पाहिला. केस न् केस मोजून घ्यावा इतका स्वच्छ. रंध्रं, जुन्या चाव्याचा पांढरा डाग, सगळं कसं कोरलेलं. पुन्हा काढला, मुद्दाम कॅमेऱ्याची झडप जास्त वेळ उघडी ठेवून. तोही तसाच.

"आज तुम्ही टेबलासारखे बसलात," मी म्हटलं.

"बघ, आजारपणाचा काहीतरी फायदा."

मी हसले. कामात मग्न असले की मला उशिरा समजतं. कॅमेरा पुन्हा डोळ्याला लावल्यावर माझं बोट सवयीने ठोक्याची वाट बघत थांबलं, आणि थांबूनच राहिलं.

तेवढ्यात तळ्याकडून आवाज आला. गोमाशीचा आवाज जाड असतो, दुरून कुणी शिलाई मशीन चालवावं तसा. ती आली, थेट ह्यांच्या रोखाने आली, आणि खिडकीकडच्या हातापासून वीतभरावर हवेत थांबली. मग एक वळसा घेतला, जसा ती खांबाला घेते, आणि घोड्यांकडे निघून गेली. मागून दुसरी आली, तिनेही तेच केलं.

"लाजल्या असतील," ड्रायव्हरसाहेब म्हणाले. "फार दिवसांनी भेटतोय."

संध्याकाळपर्यंत घोडी शेपट्या आपटत राहिली. बाही तशीच वर करून ते बसले होते, आणि मी माझ्या मानेवर बसलेल्या माश्या मारत होते.

४

मी काही देवभोळी बाई नाही. जे दिसतं त्याला कारण असतं आणि ते शोधलं की सापडतं, यावर माझं पोट चालतं. आधी मी साबण बदलला. मग कपडे धुवायची पावडर बदलली. मग वाटलं, गोळ्या. गोळ्यांनी घामाचा वास बदलतो. पण गोळ्यांची पाकिटं टेबलावर तशीच, न फोडलेली होती. विचारलं तर म्हणाले, "मला काही होत नाहीये गं. उगाच कशाला खायच्या?" आणि खरंच, त्यांना काहीच होत नव्हतं. दुखत नव्हतं, खोकला नव्हता, भूक नव्हती, घाम नव्हता.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई, ज्यांच्यासाठी मी हे पुस्तक करते, त्यांना मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "एखाद्या जनावरावर माश्या बसेनाशा झाल्या तर काय समजायचं?"

त्या गाईच्या कानात बॅटरी मारून बघत होत्या. "औषध लावलं असेल."

"नाही लावलं."

"गार पाण्यात बसलं असेल. अंग गार, श्वास मंद, मग माशीला ते दिसतच नाही. तिच्या लेखी तिथे दगड आहे." मग बॅटरी विझवून माझ्याकडे वळल्या. "कुठलं जनावर?"

"तळ्याकाठचं एक म्हातारं घोडं."

"येऊन बघते उद्या."

"नको," मी म्हटलं, आणि ते इतक्या जोरात म्हटलं की गाईने मान वळवली. "चांगलं आहे तसं. खातंपितं."

घरी येताना जिन्यात मी बराच वेळ बसले. मला भीती वाटत होती, पण कशाची, ते मी स्वतःलाही शब्दांत सांगत नव्हते. एवढंच ठरवलं की जे काही असेल ते ह्यांना कळता कामा नये. कळलं की जातील. मला तसं वाटलं, आणि त्याला मात्र मी काही कारण शोधलं नाही.

५

माश्या बसत नाहीत हे त्यांच्या मनाला लागत होतं. वरवर चेष्टा करायचे, पण रोज परत येताना बाही खाली करत आणि मनगटाचं बटणही लावत, इतक्या उन्हात.

"बस सुटली वाटतं माझी," एकदा म्हणाले. "अगं, आयुष्यभर लोक मला हात दाखवून थांबवायचे. आता मी हात दाखवतोय आणि कुणी थांबत नाही."

"काहीतरीच तुमचं!"

"तू दुसरं कुणीतरी बघ. पुस्तक अडायला नको."

मला ते सहन झालं नाही. दुसऱ्या दिवशी मी जरा वेगळी बसले: त्यांच्या अगदी शेजारी, कॅमेरा तिपाईवर, आणि माझा डावा हात त्यांच्या काळ्या हाताला चिकटवून मागच्या बाजूला. गोमाशी आली, वळसा घेतला आणि माझ्यावर बसली. चावली. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. हे माणूस इतकी वर्षं हूं की चूं न करता काय सोसत होतं, ते तेव्हा कळलं. मी उजव्या हाताने बटण दाबलं. फोटो हलला, माझं काळीज धावत होतं. पुढचा बरा आला. मग पडद्यावर नुसती माशी आणि वीतभर कातडी ठेवून बाकीचं कापलं, रंग थोडा गडद केला, आणि त्यांना दाखवलं.

"बघा. बसली की नाही?"

"हां!" त्यांनी चेहरा पडद्याजवळ नेला. "पण मला कळलंच नाही."

"कातडी निबर झालीय तुमची."

त्यांनी आपला हात चोळला, जिथे चावली असावी असं वाटलं तिथे. खाजवलंसुद्धा, आणि त्या दिवशी बाही वरच ठेवून घरी आले. जिन्यात शेजारीण भेटली तेव्हा तिला सांगितलं, "पुन्हा कामावर रुजू झालो." ती हसली, पण भिंतीला लागून वर निघून गेली.

असे पुष्कळ दिवस गेले. माझा हात सुजून टम्म झाला. मी लांब बाह्यांचे कपडे घालू लागले. पुस्तकात खिडकीकडचा हात म्हणून माझाच हात छापला जाणार होता, आणि त्याची मला गंमतही वाटत होती. नवरा-बायकोत तुझं-माझं नसतं म्हणतात, ते हे असं.

६

एका दुपारी ते पलंगावर पडले होते. पडदा अर्धा ओढलेला, खोलीत पिवळट उजेड. फ्रिजची घरघर चालू होती. मी कॅमेरा साफ करत होते. साफ करताना भिंग त्यांच्या मनगटाकडे वळलं. म्हणजे मीच वळवलं, उगाच खोटं कशाला बोलू?

हात पलंगावर टेकून, श्वास रोखून मी बघू लागले. मनगटाच्या आतल्या बाजूची शीर, जिथे पूर्वी कातडी बेडकाच्या गळ्यासारखी उडायची. मी वाट बघितली. ते चित्र थोडं हललं आणि माझ्या जिवात जीव आला. मग लक्षात आलं की हलतेय ती मी. कॅमेरा उशीवर ठेवला, हात काढून घेतले, आणि फक्त डोळा जवळ नेला. फ्रिज मधेच बंद पडला, तो पडतो तसा, आणि घर एकदम मोकळं झालं. त्या शांततेत श्वासाचा एकच आवाज होता आणि तो माझ्या नाकातून येत होता.

"काय बघतेस?"

त्यांचे डोळे उघडे होते. कधीपासून, ते मला माहीत नाही.

"उजेड बघत होते."

"फोटो हलला?"

"नाही. नाही हलला."

त्यांनी मान माझ्याकडे वळवली. मग खिडकीकडचा हात माझ्या डोक्यावर ठेवला. हात गार होता, पण वजन तेच, ओळखीचं, त्यांचंच. "तू दमतेस फार," ते म्हणाले. "झोप जरा इथे."

मी झोपले. खरं सांगते, त्या हाताखाली मला गाढ झोप लागली. घाबरलेली होते, आणि तरी लागली. ज्याची भीती वाटते तोच जवळ असला की बरं वाटतं, हे मी कुणाला समजावून सांगू शकणार नाही.

७

पुस्तकात शेवटचं एक पान राहिलं होतं. त्या सकाळी हवा कोंदट, तळ्याचं पाणी आटून काठाला चिखल झालेला. तबेलावाला सगळी घोडी फिरवायला घेऊन गेला होता, त्यामुळे तबेल्यात आम्ही दोघंच. ड्रायव्हरसाहेबांनी चष्मा काढून खिशात ठेवला, बाही वर केली आणि हात पुढे धरला. मी तिपाई लावायला वाकले होते.

"आली," ते कुजबुजले.

आवाज मला ऐकू आला नव्हता. म्हणजे आला होता, पण शिलाई मशीनचा नव्हता. बारीक होता, हलका.

"अगं, बसली! माझ्या हातावर बसली. बघ ना लवकर!"

मी बघितलं. काळ्या हातावर, मनगटाच्या जरा वर, ती बसली होती. वळसा न घेता, न बिचकता, आपल्या घरी यावं तशी. पाठ हिरवी, घासलेल्या पितळेसारखी चमकणारी. चावऱ्या माश्यांच्या पुस्तकात ही नसते. जिवंत अंगाशी हिला काही घेणं नसतं. रस्त्याकडेला एखादं मांजर पडलेलं असलं की सगळ्यांत आधी जिला कळतं, ती ही.

मी तिला उडवायला हात उगारला.

"ए, हात खाली घे!" ते ओठ न हलवता म्हणाले. इतक्या हळू, इतक्या काळजीने, जणू त्यांच्या हातावर झोपलेलं मूल होतं. "उडवू नकोस. कितीतरी दिवसांनी आलीय. फोटो काढ."

मी डोळा कॅमेऱ्याला लावला. भिंगातून ती फार मोठी दिसली. तिने तोंड लावलं नव्हतं. ती मागच्या टोकाने चाचपत होती, केसांमधून, जुन्या चाव्यांच्या खळग्यांतून, अंडी घालायला बरी जागा शोधत. हात अजिबात हलत नव्हता.

"कुठली आहे?" त्यांनी विचारलं. चष्म्याशिवाय त्यांना ती नुसता एक ठिपका दिसत असणार. "गोमाशीच ना?"

मी भिंग पुन्हा जुळवलं.

"गोमाशीच," मी म्हटलं. "मादी आहे."

"चावतेय?"

"चावतेय."

"बघ!" त्यांचा चेहरा उजळला. मी भिंगातून बघत होते, तरी मला कळलं, आवाजात कळलं. "बघ, मी म्हटलं नव्हतं? अजून आहे आपल्यात दम."

मी बटण दाबलं. तळ्याच्या बाजूने दुसरी आली आणि त्यांच्या कोपरावर उतरली. मग तिसरी, ती हातावर थांबली नाही, गळ्यावरून चालत वर गेली, गालावर गेली आणि डोळ्याच्या कोपऱ्यात जाऊन बसली. त्यांची पापणी मिटली नाही.

"अगं, रांग लागली," ते हसत म्हणाले. "काढतेयस ना?"

"काढतेय," मी म्हटलं. "हलू नका."